निळ्या रेघांचा एप्रन

नीडरबाख, १० ऑक्टोबर १९२०

झेरलीन,

घरी पोचले. गाडीत खायला तू बांधून दिलेला पाव शेजारच्या बाईला देऊन टाकला. तुझ्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरात मांसाची सुरी आणि लोण्याची सुरी आपल्या यहुदी धर्माप्रमाणे अजून वेगळ्या असतात का, ते विचारायचं धाडस झालं नाही, आणि न विचारता घशाखाली उतरेना.

आभार मानायला लिहीत नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडी राखेतून चालल्यासारखं, तरी लिहिते, कारण जे झालं ते पोटात ठेवून मला झोप नाही.

रब्बीच्या बायकोची टोपी मागून आणली होती, काळा रेशमी झगा पेटीतून काढून घातला होता, का तर माझ्या आर्नोला वाटावं की आजी कशी ठाकठीक आली. तो इस्पितळात टोपली विणत बसला होता. मी पुढ्यात उभी राहिले. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं बाजारात आलेल्या परक्या गिऱ्हाइकाकडे बघतात. आई बाळंतपणात गेली, बाप अमेरिकेला जाऊन नव्या संसाराला लागला, आणि पाळण्यापासून पलटणीत जाईपर्यंत ज्याला मी वाढवला, तो. म्हटलं, तोफगोळ्याची कपची कवटीत मागून शिरली आहे, डोळ्याला धरत नसेल. तेवढ्यात माझ्या मागून तू आलीस. बाहेर चांगलं ऊन पडलेलं आणि तू फरच्या कॉलरचा कोट मिरवत. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "झेरलीन आजी, केक."

आजी. माझ्यासमोर. आणि तू मान कलती करून गोड हसलीस, लहानपणी माझी बाहुली पळवून हसायचीस तशी.

तुझा बर्थोल्ड म्हणाला, मावशी, मनाला लावून घेऊ नका. बोलला माझ्याशी, बघत होता आर्नोच्या हातांकडे, आणि कागदावर काहीतरी खरडत होता. इस्पितळातली नर्स सांगत होती की डॉक्टरसाहेबांनी आर्नोवर मोठा लेख लिहिला आहे, तो परदेशात वाचतात. म्हणजे माझा नातू ही तुझ्या मुलाची शिडी. गाय व्याली माझ्या गोठ्यात आणि वासरू हंबरतं तुझ्या दारात.

येत्या पेसाखच्या सणाला आर्नो माझ्या टेबलाशी बसलेला पाहिजे. आणि त्यानंतर तो परत जाणार नाही. बर्थोल्डला सांग.

फ्राडेल

•

फ्रँकफर्ट, २ नोव्हेंबर १९२०

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. सुऱ्या वेगळ्याच आहेत.

बर्थोल्डबद्दल तू बोललीस ते मला लागलं. लढाईत मेंदू फुटलेली माणसं इतर डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळात टाकून मोकळे होत होते, तेव्हा त्याने त्यांच्यासाठी हे घर उभं केलं, कारखाना आणि बाग घालून. तो म्हणतो, माणसाचं काय गेलं ते मोजत बसू नये. जे उरलं आहे त्यावर हा सबंध माणूस कसा उभा राहतो, ते बघावं. आर्नोला रिकामा पेला देऊन म्हटलं की पाणी प्यायचं नाटक कर, तर तो घामाघूम होतो, त्याला जमत नाही. पेल्यात पाणी घाला, गटागटा पितो. नाकाला हात लाव म्हटलं तर हात हवेत राहतो. नाकावर माशी बसली की बरोबर मारतो. जे समोर आहे ते त्याचं. जे समोर नाही, ते त्याच्यासाठी जगातच नाही. यातून बर्थोल्ड काय काय काढतो ते मला कळत नाही, पण रोज जेवताना मी तेच ऐकते. आर्नोने आज हे केलं, आर्नो आज असा वळला. माझ्या गुडघ्यांचं विचारायला त्याला सवड नसते. असो.

विद्यापीठाने प्राध्यापकाची खुर्ची पुन्हा दुसऱ्याला दिली. एका वरिष्ठाने सुचवलं, बाप्तिस्मा घेतलात तर अडचण राहणार नाही. बर्थोल्ड म्हणाला, "माझ्या रोग्यांना माणूस बदललेला चालत नाही." आणि हसत घरी आला. मी नाही हसले.

राहिला प्रश्न ओळखीचा. मी दर गुरुवारी जाते, ताई. तू वर्षातून एकदा येतेस. माणूस ज्याला बघतो त्याला ओळखतो. यात चोरी कसली?

तुझी झेरलीन

•

नीडरबाख, १९ डिसेंबर १९२०

झेरलीन,

रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायचं नाटक मलाही येणार नाही, आणि माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. आमचे हे गेले त्या दिवसापर्यंत गुरांचा बाजार करत होते. गाय समोर नसताना त्यांनी कधी सौद्याची टाळी दिली नाही. मग त्यांनाही ठेव इस्पितळात.

मी वर्षातून एकदा येते, कारण माझ्या गायीला गुरुवार कळत नाही. तिला रोज धार काढलेली लागते. तुझ्याकडे मोलकरीण आहे, ट्राम आहे, रिकामा वेळ आहे, तो तू माझ्या नातवावर खर्च करतेस. स्वतःला नातू नाही म्हणून. बर्थोल्डचं लग्न लावून दे आणि आपली पोरं आपण मिळव.

बर्थोल्ड लहानपणी उन्हाळ्यात माझ्याकडे यायचा ते आठवतं? खाटकाने कोंबडी कापली की इतर पोरं पळायची. हा उकिडवा बसून बघायचा, मान नसलेली कोंबडी कुठवर धावते. एकदा बघता बघता चड्डी ओली केली, तरी उठला नाही. मी धुतली. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. हा मुलगा कोणाकडेही असाच बघणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या आर्नोकडे त्याने आता पुरेसं बघितलं.

पेसाख. विसरू नकोस.

फ्राडेल

•

फ्रँकफर्ट, ३० मार्च १९२१

प्रिय ताई,

तुझ्या मनासारखं झालं. मी बर्थोल्डकडे फार रदबदली केली. शेवटी तो कबूल झाला. आर्नोला सणाच्या आधीच्या आठवड्यात इथला एक परिचारक गाडीने आणून सोडेल. तुझ्याकडे त्याला रुचलं तर पुढचं पुढे बघू.

बर्थोल्डने निरोप सांगितला आहे तो असा, की त्याला वेळेवर जेवायला द्यावं, घाई करू नये, आणि मोठ्याने बोलू नये. हे शेवटचं तुला अवघड जाईल.

लढाई सुरू झाल्यापासून बर्थोल्ड पेसाखच्या पहिल्या संध्याकाळी एकदाही माझ्या टेबलाशी नव्हता. कधी आघाडीवर, कधी रोग्यांत. यंदा येतो म्हणाला आहे. मी त्याच्या विद्यापीठातल्या काही मंडळींना बोलावलं आहे. त्याच्या वडिलांची मोठ्या पाठीची खुर्ची काढून पॉलिश करून घेतली. तिच्यावर तोच बसेल.

तू आपल्या नातवाला घेऊन बस, मी आपल्या मुलाला घेऊन बसते. दोघींनाही भांडायला कारण राहणार नाही.

तुझी झेरलीन

•

नीडरबाख, २० एप्रिल १९२१

झेरलीन,

हरलीस.

आर्नो आला. मी गोठ्यात होते, हाताला शेण, अंगावर आपला निळ्या रेघांचा जुना एप्रन. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, बादली गळते." आणि खरंच गळत होती. आता बोल. कोणाला ओळखलं त्याने? मला केक लागला नाही की फर लागली नाही.

आल्यापासून सुतासारखा सरळ वागतो आहे. खुंटीवरून दोर घेतो, कपाटातून आपली थाळी काढतो, विहिरीवरून पाणी आणतो. कुठे काय आहे ते हातांना पाठ. बर्थोल्डला सांग, इतक्या वर्षांत इस्पितळाने जे केलं नाही ते माझ्या घराने चार दिवसांत केलं.

आता लिहायला सवड नाही. सगळं घर चुन्याने पांढरं करून घेतलं, त्याच्यासाठी म्हणून यंदा विशेष. उद्या रोजची भांडी बांधून माळ्यावर आणि सणाची भांडी खाली. सणभर आंबवलेलं काही घरात चालत नाही, तेव्हा पाव, पीठ, त्याचा कण असेल असं सगळं घराबाहेर. टेबल खिडकीपासून मधोमध ओढणार. रेशमी झगा उन्हात घातला आहे. असा सण करीन की तो फ्रँकफर्टचं नाव काढणार नाही.

फ्राडेल

•

फ्रँकफर्ट, २५ एप्रिल १९२१

ताई,

सणाचे पहिले दोन दिवस लेखणी हातात धरता येत नाही म्हणून थांबले, नाहीतर हे पत्र तुला शनिवारीच मिळालं असतं.

माझा मुलगा कुठे आहे? शुक्रवारी दुपारी कोणा लोहाराची तार आली आणि तो कोट अंगात घालत जिना उतरला. मला एवढंच म्हणाला, "आई, मी तुला सांगितलं होतं." पाहुणे आले. मोठ्या पाठीची खुर्ची रिकामी. एका गृहस्थाने विचारलं, पेसाखच्या रात्री ज्याची वाट बघतात त्या संदेष्टा एलियासाठी ही का? सगळे हसले. मीही हसले.

तुला नातू हवा होता, तो दिला. माझा मुलगाही घेतलास.

झेरलीन

•

नीडरबाख, ४ मे १९२१

झेरलीन,

सगळं सांगते. मध्ये तोंड घालता येत नाही तुला, हा पत्राचा एक फायदा.

गुरुवारी भांडी बदलली. आर्नो विहिरीवरून पाणी घेऊन आला आणि दारातच थांबला. भिंती पांढऱ्या, टेबल मधे, कपाटाला पांढरा कपडा. तो कपाटाशी गेला, आपली थाळी काढायला हात घातला. हाताला लागली सणाची थाळी, सोनेरी काठाची. ती उलटीपालटी करून बघितली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. मी म्हटलं, अरे पेसाख आहे, तुला आठवत नाही? आणि झगा दाखवायला म्हणून मी रेशमी घालून आले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, तेच, परक्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. मला राग आला. ओरडले. म्हटलं, तुझी आजी मी आहे, ती फरवाली नाही. त्याला दरदरून घाम फुटला, थाळी हातातून पडली, आणि तो असा थरथरायला लागला की दारं वाजली. मग धावत गोठ्यात गेला आणि गायीच्या पोटाला पाठ लावून बसला. जवळ जाऊ देईना. जेवेना. शेजारच्या कोनराड लोहाराने मला न विचारता तार केली. भला ख्रिस्ती माणूस आहे.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बर्थोल्ड पोचला. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरला होता. घरात पाऊल टाकलं, चारी बाजूंना बघितलं आणि खाली बसला. म्हणाला, "मावशी, आईने लिहिलं नाही? मी सांगितलं होतं, त्याच्या नजरेतली एकही वस्तू हलवायची नाही. भांडीसुद्धा नाही. नाहीतर सण उलटू द्या, मग मी पाठवतो."

तू लिहिलं नाहीस, झेरलीन. वेळेवर जेवण आणि मोठा आवाज लिहिलास. कामाचं तेवढं गाळलंस, का तर आर्नो सणाच्या आत इथे आला पाहिजे, म्हणजे बर्थोल्ड तुझ्या खुर्चीत बसेल.

मी बर्थोल्डला म्हटलं, तुझी आई साप आहे. तो उठला. कोट काढून गोठ्यात गेला आणि आर्नोपासून हातभर अंतरावर गवतात बसला. काही विचारलं नाही, काही खरडलं नाही. दोघे गाय बघत बसले. मोठ्या डॉक्टरने पेसाखची संध्याकाळ अशी काढली, आणि मी घरात पांढऱ्या टेबलाशी सणाच्या वाइनचे चार पेले मांडून एकटी. तूही एकटी. आई असती तर दोघींच्या थोबाडीत मारली असती.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. शब्बाथचा विसावा लागायच्या आत धार काढायची होती. सण माणसांना, गायीला नाही. झगा काढला, एप्रन गोठ्यात खुंटीवर होता तो बांधला आणि बादली घेऊन बसले. आर्नो म्हणाला, "आजी, दूध गवतात जातंय." बर्थोल्डने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं, आर्नोच्या हातांकडे नाही.

मग त्याने मला सांगितलं. आर्नो चेहरा धरून ठेवू शकत नाही. जागा, आवाज, कापड, यांवरून माणूस जुळवतो. म्हणून त्याने तुला बजावलं होतं की दर गुरुवारी तोच कोट, तीच खुर्ची, तोच केक, उन्हाळा असो की हिवाळा. तर तू उन्हात कोट मिरवत नव्हतीस, हुकमाने घामत होतीस. आणि त्याने ओळखला तो कोट. तू नाहीस. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तुला सांगायलाच हे पत्र लिहायला बसले.

लिहिता लिहिता दुसरं लक्षात आलं. मग माझ्यातही ओळखला तो एप्रन.

आणखी एक. तू निरोप लिहिला असतास तरी मी तो चुलीत घातला असता. पेसाखला पावाची भांडी घरात ठेव म्हणणारा डॉक्टर डुक्कर खात असणार, असं म्हटलं असतं. म्हणजे थाळी फुटायची ती फुटलीच असती. तरीही तू साप आहेस.

बर्थोल्ड म्हणतो, आर्नोला इथेच राहू द्या, इस्पितळापेक्षा गोठा बरा. टेबल परत खिडकीशी नेलं. भिंतींचं काय करणार? धूर बसेल हळूहळू.

फ्राडेल

•

फ्रँकफर्ट, १२ जून १९२१

ताई,

होय, गाळलं. माझ्या मुलाने माझ्याकडे कधी तसं बघितलं नाही, जसं तो आर्नोकडे बघतो. डोक्यात कपची घुसल्याशिवाय त्याला माणूस दिसत नाही. मला एक संध्याकाळ हवी होती.

बर्थोल्डला बर्लिनच्या एका इस्पितळाने बोलावलं आहे. शरदात जाईल. मला बरोबर चल म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. गुरुवारी आता कुठे जायचं नसतं. मागच्या गुरुवारी सवयीने केक भाजला.

कोट पेटीत घातला.

झेरलीन

•

नीडरबाख, ६ मार्च १९२२

झेरलीन,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं सगळं चांगलं चाललं होतं, आणि चांगलं तुला कळवून मला काय मिळणार. आर्नो टोपल्या विणतो, कोनराड त्या बाजारात नेतो. भिंतींवर धूर बसला.

आता चांगलं नाही म्हणून लिहिते. माझ्या पोटात गाठ आहे. जिल्ह्याच्या डॉक्टरने हात लावून बघितलं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या, त्यावरून कळायचं ते कळलं. बर्थोल्डला कळवलं. त्याने उत्तरात लपवाछपवी केली नाही. पुढच्या वर्षीचा पेसाख मी बघणार नाही. रडारड नको, मला म्हाताऱ्या गायीचं रडगाणंही आवडत नाही.

यंदाच्या पेसाखची सोय केली आहे. सणात आपल्या मालकीचं राहू नये म्हणून गावातल्या आपल्या लोकांचं सगळं पीठ आणि पाव कोनराड दरवर्षी विकत घेतो आणि सण उलटला की परत देतो, तसं यंदा गोठ्यालगतची खोलीही त्याला विकायची. तीत आर्नोची खाट, त्याची थाळी, त्याचा पेला, सगळं जागच्या जागी. रब्बीला विचारलं. तो म्हणाला, असा माणूस लेकरासारखा, त्याच्यावर नियम नाही. लेकरासारखा हा शब्द बोचला, पण कामाचा होता, घेतला. घर माझं बदलेल, खोली लोहाराची बदलणार नाही. बर्थोल्डला कळवलं तर त्याने लिहिलं की हे मला सुचलं नसतं. त्याला कशाला सुचेल, त्याने कधी भांडी बदलली आहेत?

तो सणाला इथेच येतो आहे. तुला अजून कळवलं नसेल. माझ्या पत्रातून तुला कळतं आहे याचा मला आनंद होतो, लपवत नाही.

आता ऐक. माझ्यामागे आर्नोला कोण? कोनराडची बायको म्हणाली, मी बघेन. तिचं मन चांगलं, पण तिची स्वतःची पोरं आहेत, आणि दर आठवड्याला हुक्की आली की ती खोली उलटीपालटी करणारी बाई आहे. मी खूप विचार केला. तू सोडून दुसरं कोणी सुचेल म्हणून वाट बघितली. सुचलं नाही. दर गुरुवारी उन्हात फरचा कोट घालून घामत बसेल आणि एकदाही कुरकुरणार नाही, अशी बाई माझ्या माहितीत एकच आहे.

तर ये. तुझ्या फ्रँकफर्टच्या घराला कुलूप लाव. तो कोट आण. पहिले काही दिवस कोट घालून गोठ्याच्या दारात बस, केक दे, म्हणजे कोण आलं ते त्याला जुळवता येईल. मग एक दिवस मी एप्रन सोडून तुला बांधीन. गाठ मागे नाही, पुढे, डाव्या बाजूला. धुवायचा नाही, फार तर झटकायचा. बादली उजव्या हाताला. त्याच्याशी गोठ्यात माझ्यासारखं बोलायचं, थोडं खेकसून. तुझ्या गोड आवाजावरून त्याला आजी जुळायची नाही, आणि खेकसायला तुला मी शिकवीन.

मी जिवंत आहे तोवर हे झालं पाहिजे. एकदम बदललेलं त्याला चालत नाही.

मी खिडकीशी बसून बघेन. तू धार काढशील, दूध गवतात सांडशील, आणि तो तुला आजी म्हणेल. माझ्यासमोर, पुन्हा. माझ्या पोटात आग पडेल, आणि ती गाठीची नसेल. तेव्हा माझ्याकडे मान कलती करून हसायचं नाही. हसलीस तर एप्रन ओढून घेईन.

सणाच्या आधी ये. भांडी उतरवायला मला आता वर चढवत नाही.

फ्राडेल